फलकावरचा चौथा क्रमांक

गावात पाहण्यासारखं काय आहे असं कुणी परक्यानं विचारलं, तर आजवर गावकरी एकच उत्तर द्यायचे : काही नाही, ती बघा तुमची बस लागलीय, पळा. आणि त्यात खोटं काही नव्हतं. एक नदी, तिच्यावर एक दगडी पूल, एक बाजारगल्ली, आणि संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं. एवढ्यासाठी कोण कशाला वाट वाकडी करून येईल?

मग समिती निघाली. गाव पाहायला लोकांना आणायचं म्हणून. समितीला अध्यक्ष झाले, अध्यक्षांना खुर्ची आली, खुर्चीपाठोपाठ कारकून आला, आणि बसथांब्यावर माणसाच्या दीडपट उंचीचा फलक लागला. 'आमच्या गावात काय पाहाल?' एक, जुना दगडी पूल. दोन, नौकाविहार. तीन, सूर्यास्ताची जागा. चार, वाळूतली कलिंगडं.

फलक लागला तेव्हा गावात नौका एकही नव्हती. सूर्यास्ताची जागा म्हणजे बाजारामागचा उकिरडा; तो हलवून तिथे दोन बाकडी टाकली होती. सूर्य काय, कुठेही मावळतो. चौथा क्रमांक तेवढा शंभर टक्के खरा होता, आणि तो एका घराचा होता.

पूर्वी पुलाखालच्या वाळूत अकरा घरांच्या वाड्या होत्या. पाणी ओसरलं की नदीचं पात्र उघडं पडतं, त्या वाळूत खड्डे खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी टोकायचं आणि कलिंगडाचा वेल वाळूवर सोडायचा. दहा घरांनी कंबरा धरल्या आणि सोडून दिलं. उरलं एक. त्या घरच्या बाईला सगळं गाव वाडीवाली म्हणायचं, आणि तिच्या नवऱ्याला टिचक्या. कारण तो कलिंगडाला टिचकी मारून, कान लावून, आतलं सांगायचा. कच्चं असेल तर आवाज टणटण येतो, पिकलं की बद्द. एवढं कुणालाही माहीत असतं. पण टिचक्या पुढचं सांगायचा : याला तीन दिवस, याला पाच. आणि कधी चुकला नाही.

शिवाय घरचा एक नेम होता, सासूच्याही सासूपासूनचा. गिऱ्हाइकाला कलिंगड देताना सुरीनं तिकोनी फोड काढून दाखवायची. लाल निघालं तर त्याचं. पांढरं निघालं तर गिऱ्हाइकाचंही नाही आणि आपलंही नाही. ते तिथेच नदीत टाकून द्यायचं. "वाळू तिची, कच्चं तिचं," असं सासूबाई म्हणायच्या. चाळीस वर्षांत त्यांनी नदीत टाकलेली कलिंगडं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून झाली असती.

त्या वर्षी वाडी अशी धरली होती की दृष्ट लागावी. तीनशेच्या वर फळ. वाडीवाली सकाळी दोन डबे घेऊन पाण्याच्या धारेपर्यंत जायची आणि खड्ड्याखड्ड्याला पाणी घालत वर यायची, साठ खेपा. दुपारनंतर वाळू इतकी तापायची की टाचा भाजून निघायच्या, म्हणून ती पायाला गोणपाट बांधायची. प्रत्येक फळाखाली गवताची चुंबळ, दर दोन दिवसांनी फळ जरासं फिरवायचं, नाहीतर खालची बाजू पिवळी पडते. फलक वाचून येणारे पाहुणे काठावरून फोटो काढायचे, आणि एखादा हौशी थेट वेलावर पाय देऊन उभा राहायचा. "अहो, पायाखाली बघा," असं ओरडून तिचा घसा बसला होता. चार फोटोंमागे एक वेल मेला, हा तिचा हिशेब.

सोमवारी टिचक्या वाडीभर टिचक्या मारत फिरला आणि कंबर धरून सरळ झाला. "नऊ दिवस," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी पहिली तोड."

"सगळीच?"

"बहुतेक सगळी. यंदा एका दमात पिकतंय."

वाडीवालीला इतकं बरं वाटलं की तिनं हातातला डबा खाली ठेवला आणि मिनिटभर नुसती उभी राहिली. तेवढ्यात काठावरून तिचा धाकटा भाऊ उतरताना दिसला. तो खालच्या अंगाच्या बंधाऱ्यावर दारवाला होता. बंधाऱ्याला सहा लोखंडी दारं, ती चाक फिरवून वरखाली करायची, ही त्याची नोकरी. दारं खाली पाडली की पाणी अडून मागे चढायचं. चाक फिरवून फिरवून त्याचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट झाला होता.

"ताई, दाजी, बसा जरा," तो म्हणाला. बसा म्हणतो म्हणजे काहीतरी उभ्यानं ऐकण्यासारखं नाही, हे तिनं ओळखलं.

"बोल ना."

"रविवारी नौकाविहाराचं उद्घाटन आहे. सहा बोटी येताहेत, मोठे पाहुणे येताहेत. बोटी तरंगायला पाणी पाहिजे. शुक्रवारी सकाळी दारं पाडायचा हुकूम आलाय."

टिचक्यानं हातातली चुंबळ खाली टाकली. "पण दारं तर वाडी उठल्यावर पडतात."

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत, नदीला माहीत. कागदावर कुठं आहे, दाजी?"

कुठेच नव्हतं. अकरा वाड्या होत्या तेव्हा शेवटचं फळ काठावर गेलं की कुणीतरी बंधाऱ्यावर जाऊन सांगायचं, 'झालं बाबा, पाड आता,' आणि दारवाला दारं पाडायचा. कुणाला लिहून ठेवायची गरजच पडली नव्हती.

"किती पाणी चढेल?" तिनं विचारलं.

"इथं गुडघ्याच्या वर. एकदा दारं पडली की दोन-तीन तासांत वाळू दिसायची नाही."

मंगळवारी वाडीवाली समितीच्या कचेरीत गेली. टिचक्याला असल्या ठिकाणी तोंड फुटत नाही, म्हणून तीच गेली. कारकुनानं तिला बाकावर बसवलं आणि आपण नखं कापत बसला. दीड तासानं म्हणाला, अर्ज आणलाय का? नाही. मग अर्ज लिहा. तिनं लिहिला. म्हणाला, समास सोडा. तिनं दुसऱ्या कागदावर समास सोडून लिहिला. तो कागद त्यानं उलटासुलटा बघितला, शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकला. "पुढच्या बैठकीत ठेवू."

"बैठक कधी?"

"उद्घाटन झालं की लगेच."

तिचं डोकंच फिरलं. ती कारकुनाला ओलांडून सरळ आतल्या दारातून अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

अध्यक्ष माणूस गोड. तोच तर त्रास होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. "अहो, तुमची वाडी तर आमच्या फलकावर आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणजे गावाची शान."

"तीच बुडतेय, साहेब. नऊ दिवस थांबा. बुधवारी आम्ही तोडतो, गुरुवारी दारं पाडा."

"पाहुण्यांची तारीख मिळालीय हो. मोठ्या मुश्किलीनं. ती कशी हलवणार?" अध्यक्षांनी खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "एक करा ना. आठवडाभर आधी तोडा. घरात पिकतील. केळी नाही का पिकत आपण तोडून ठेवली की?"

"कलिंगड पिकत नाही, साहेब. वेलापासून तुटलं की जसं आहे तसंच राहतं."

"असं होय?" अध्यक्ष म्हणाले, आणि कारकुनाकडे बघून हसले. "रोज नवीन काहीतरी कळतं बघा." मग त्यांना फोन आला, आणि फोनवर बोलता बोलता त्यांनी तिला हातानंच 'चहा घ्या, चहा घ्या' अशी खूण केली. पालथ्या घड्यावर पाणी. चहा थंड झाला आणि ती उठली.

घरी वाद पेटला. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत सासूबाई खाटेवर, टिचक्या उंबऱ्यात, आणि ती उभी.

"उद्यापासून तोडायला घेऊ," ती म्हणाली. "तिघांनी दोन दिवस लागतील. गुरुवारी संध्याकाळपर्यंत वाडी रिकामी."

"कच्चं तोडायचं नाही," टिचक्या म्हणाला.

"मग बुडवायचं?"

"ह्या गावात बस कधी वेळेवर आलीय? पाणी येणार होय वेळेवर? थांबू. पाणी वाडीच्या खालच्या कडेच्या खुंटीला लागलं की तोडायला घेऊ."

"खुंटीला लागल्यावर तीनशे फळं दोन तासांत उचलाल? तुम्ही? दोन डबे उचलले तर कंबर धरता."

हे तिनं बोलायला नको होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो कान लावून सांगतोय ते ऐक ना. आजवर चुकलाय का?"

"फळाला कान लावतात ते, आत्या. अध्यक्षाला नाही." ती तावातावानं बोलत होती. "निम्मं लाल तरी हाताला लागेल. पाण्यात गेलं तर कुजकं लागेल. बोला, काय करायचं?"

टिचक्या उंबऱ्याचं लाकूड नखानं खरवडायला लागला. मग म्हणाला, "कर तुझ्या मनासारखं."

बुधवारी उजाडताच तिघं वाळूत उतरली. ती देठ कापायची, टिचक्या पाटीत भरून काठावर न्यायचा, सासूबाई काठावर बसून गवतावर रचायच्या. आणि तो गडी सवयीचा गुलाम. प्रत्येक फळ उचलताना टिचकी मारायचा. टण. पाटीत. टण. पाटीत. ती वाकून देठ कापतेय आणि पाठीमागे आपलं टण, टण.

"मारू नका हो," ती शेवटी म्हणाली.

त्यानं मारायचं थांबवलं. मग नुसता वाळूचा आवाज राहिला. तो त्याहून वाईट होता.

गुरुवारी दुपारी तिच्या हाताला देठांच्या चिकानं चिरा पडल्या होत्या, आणि सासूबाईंना उठवून बसवावं लागत होतं. संध्याकाळी शेवटचं फळ काठावर गेलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खाटेखाली, चुलीमागे, पडवीत, कलिंगडंच कलिंगडं. मागे वाळूत नुसते वेल, पानं उलटी पडलेले.

शुक्रवारी सकाळी ती काठावर जाऊन बसली. पाणी चढताना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. बघितलं की मन शांत होईल, केलं ते बरं केलं असं वाटेल. नऊ वाजले, दहा वाजले. धार जिथल्या तिथे. अकराला भाऊ आला. तो दहा पावलांवरच थांबला, आणि तिथूनच तिला कळलं.

"पाहुण्यांचा घसा बसलाय," तो म्हणाला. "उद्घाटन दोन आठवडे पुढे. आज दारं पाडायची नाहीत."

तिनं वाळूतल्या उलट्या पडलेल्या वेलांकडे बघितलं.

"ताई, मला सकाळी आठला कळलं गं. रात्री कळलं असतं तर..."

"रात्री कळून काय, पुन्हा वेलाला शिवलं असतं?"

घरी येऊन तिनं टिचक्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पडवीतली दोन फळं जरा नीट रचली. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर तिनं कडाकडा भांडून घेतलं असतं, रडली असती, मोकळी झाली असती. पण नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. "बोला ना काहीतरी," ती म्हणायची. तो म्हणायचा, "काय बोलू?" असल्या नवऱ्याशी माणसानं भांडावं तरी कसं?

बाजारातला नेहमीचा फळवाला आला. टिचक्यानं नेमाप्रमाणे फोड काढून दाखवली. आत पांढरं, मधोमध जरा गुलाबी, डोळे आल्यासारखं. फळवाल्यानं दुसरं मागितलं, तिसरं मागितलं. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, टिचक्या." आणि गेला. एवढं एक वाक्य टिचक्याच्या चेहऱ्यावर चार दिवस दिसत होतं.

बुधवार आला, ज्या बुधवारी पहिली तोड व्हायची होती. धार तशीच खाली, वाळू कोरडी ठणठणीत. फलक वाचून आलेली एक बाई काठावरून ओरडून विचारत होती, "अहो, इथं कलिंगडं होती ना?"

"होती," वाडीवाली म्हणाली.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी भावानं दारं पाडली. आता त्याला हुकूम होता आणि पाणी खरंच आलं, सांगितल्या वेळेला, सांगितलं तेवढं. रविवारी सहा बोटी रंगीत कापडं बांधून तरंगायला लागल्या. सकाळीच कारकून दारात हजर. "अध्यक्षांनी सांगितलंय, पाहुण्यांसमोर कलिंगड पाहिजे. फलकावर आहे ना. आणि टिचक्यांनी स्वतः यायचं. टिचकी मारून दाखवायची."

"कच्ची आहेत," टिचक्या म्हणाला.

"अहो, चार फोडींचा प्रश्न आहे."

तिला वाटलं, जावं. एकदा सगळ्यांसमोर टिचकी मारावी आणि यांनी मोठ्यानं सांगावं, कच्चं आहे, आणि कुणामुळे कच्चं आहे तेही सांगावं. तिनं स्वतः पाटी भरली.

घाटावर मांडव, मांडवात टेबल, टेबलामागे पाहुणे. घसा आता ठणठणीत होता. अध्यक्षांनी टिचक्याला खांद्याला धरून पुढे घेतलं. "हे आमचे टिचक्या. नुसत्या आवाजावरून सांगतात. दाखवा."

टिचक्यानं पहिलं फळ उचललं, टिचकी मारली, कान लावला. खाली ठेवलं. दुसरं उचललं, खाली ठेवलं. तिसरं. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, खेळच असा असतो. अध्यक्ष त्याच्या कानाशी लागले. ते काय बोलले हे तिला ऐकू आलं नाही, पण टिचक्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. सांगा, ती मनात म्हणत होती. सांगा आता. आणि त्याच क्षणी तिला कळलं, तो काय विचार करतोय. कच्चं म्हटलं की लोक विचारणार, कच्चं तोडलं कुणी?

त्यानं चौथं फळ उचललं, टिचकी मारली. टण. तिच्यापर्यंत ऐकू आलं.

"पिकलंय," टिचक्या म्हणाला.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि फळाबद्दल हा माणूस खोटं बोललेला तिनं पाहिला नव्हता.

अध्यक्षांनी सुरी घातली. पांढरं. पाहुण्यांनी एक फोड उचलली, चावली, गिळली आणि म्हणाले, "वा. गोड आहे."

"गोड आहे," अध्यक्ष म्हणाले. कारकून म्हणाला, फारच गोड. मग ताट फिरलं आणि मांडवातली चाळीस माणसं गोड गोड म्हणायला लागली. वाडीवालीच्याही हातात एक फोड आली. तिनं चावली. काकडीसारखी लागली, काकडी तरी बरी.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

भावानं तिचा दंड धरला. "ताई, गोड म्हण आणि संपव."

"कच्चं आहे," ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. पण तेवढ्यात पहिली बोट सुटली, टाळ्या पडल्या, आणि ते कुणाच्याच कानी गेलं नाही. एकट्या टिचक्यानं ऐकलं. तो टेबलामागून निघाला, पाटीतली उरलेली फळं उचलली आणि घाटाच्या कडेला गेला. सुरीनं एकाला तिकोनी फोड काढली, बघितली, आणि फळ नदीत टाकलं.

ती धावत त्याच्याकडे गेली. "काय करताय?"

"नेम आहे," तो म्हणाला. "कच्चं तिचं."

पंधरा दिवसांत तिच्याशी ही त्याची पहिली सरळ वाक्यं. तिनं दुसरं फळ उचललं, त्याच्यासमोर धरलं. त्यानं फोड काढली. पांढरं. तिनं टाकलं. पाटी संपली तशी दोघं घरी गेली आणि हातगाडी भरून घेऊन आली. सासूबाई मागून गाडीला हात लावून चालत होत्या. दुसरी खेप, तिसरी. फोड काढायची, बघायचं, टाकायचं. न बघता नाही टाकायचं. प्रत्येकाचं तोंड बघून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पुसतही नव्हती. तो म्हणाला, "मीच थांबवायला पाहिजे होतं तुला." ती म्हणाली, "मी थांबले असते होय?" तो म्हणाला, "नाही." आणि दोघांनी पुढचं फळ उचललं.

कलिंगड पाण्यात बुडत नाही. ज्या वाळूवर ती वाढली होती तिच्याच वर, गुडघाभर पाण्यात, दीडशे-दोनशे हिरवी फळं डुलायला लागली. बोटींच्या मधून, वल्ह्यांना आपटत. बोटीतली मुलं हात घालून पकडायला लागली. बायका ओरडून एकमेकींना दाखवायला लागल्या. सगळ्यांचे फोन बाहेर आले. मधल्या बोटीत पाहुणे उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाडीवाली घाटावर हातात फळ घेऊन उभी राहिली. अध्यक्ष बोटीतून हात हलवत होते, तोंड आनंदानं फुललेलं.

"झकास कल्पना," ते ओरडले. "उद्यापण ठेवा हं."

सांगायचं काय? आणि कुणाला? टिचक्यानं तिच्या हातातलं फळ काढून घेतलं, फोड काढली, बघितली आणि पाण्यात सोडलं.

सोमवारी ती तेल आणायला बाजारात निघाली, तेव्हा बसथांब्यावर रंगारी शिडीवर चढला होता. चौथ्या क्रमांकातला 'वाळूतली' हा शब्द त्यानं पांढऱ्या रंगानं पुसला होता आणि त्या जागी 'पाण्यातली' असं लिहीत होता. अक्षर मात्र सुरेख होतं त्याचं.